विश्लेषण : एक धून, नावे अनेक... आयरिश फिडलवरच्या ‘बॉईज ऑफ ब्लूहिल’चे खरे नाव कोणते?

‘पॉपाय द सेलर’चे जुने कार्टून सुरू होताना, मुख्य गाणे यायच्या आधी, एक उडती, खट्याळ धून वाजायची. पालक खाणाऱ्या पॉपायसोबत ती भारतातल्या दोन-तीन पिढ्यांच्या कानात बसली आहे. तिचे नाव ‘सेलर्स हॉर्नपाइप’. तीच ‘कॉलेज हॉर्नपाइप’. तीच ‘जॅक्स द लॅड’. लंडनमध्ये ‘लास्ट नाइट ऑफ द प्रॉम्स’ या मैफलीत श्रोते जिच्या ठेक्यावर टाळ्या वाजवतात आणि वाद्यवृंदाची लय वाढत वाढत शेवटी टाळ्यांचा गोंधळ होतो, तीही हीच.

एकाच धुनेला तीन नावे हा अपवाद वाटेल. पण हॉर्नपाइप या प्रकारात, विशेषतः आयरिश फिडलच्या परंपरेत, एकच नाव असलेली धून सापडणे हाच अपवाद म्हणावा लागेल. यातले एक ठळक उदाहरण म्हणजे ‘द बॉईज ऑफ ब्लूहिल’. आयरिश संगीत शिकणाऱ्याला सुरुवातीच्या काळात हमखास शिकवली जाणारी ही धून. ती वाजवायला सोपी आहे, पण तिच्या नावांचा माग काढायला गेलो तर व्हर्जिनिया, बोस्टन, शिकागो असा प्रवास करावा लागतो. धुनेचे नाव ही तशी किरकोळ गोष्ट. पण धून कोणाची, तिचे श्रेय कोणाला आणि आजच्या काळात तिचे पैसे कोणाला, हे सगळे प्रश्न शेवटी या नावापाशीच येऊन थांबतात.

हॉर्नपाइप म्हणजे नेमके काय?

आधी एक खुलासा. फिडल आणि व्हायोलिन ही दोन वेगळी वाद्ये नाहीत. वाद्य तेच, संगीत वेगळे. मैफलीत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत वाजवले की ते व्हायोलिन, आणि पबमध्ये किंवा लग्नघरात नाचाच्या धुना वाजवल्या की फिडल.

आयरिश नृत्यसंगीताचे मुख्य प्रकार तीन-चार. ‘जिग’ हा सहाच्या हिशेबात चालतो, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या जवळचा. ‘रील’ आणि ‘हॉर्नपाइप’ आठच्या हिशेबात, म्हणजे केरव्याच्या जवळचे. मग रील आणि हॉर्नपाइपमध्ये फरक काय? रीलमध्ये स्वर सरळ, सलग आणि वेगाने धावतात. हॉर्नपाइप सावकाश चालते आणि स्वरांच्या जोडीतला पहिला लांबवला जातो, दुसरा आखडला जातो. त्यामुळे चालीत एक डौलदार झोका येतो. आणखी एक खूण म्हणजे प्रत्येक भाग संपताना तीन ठसठशीत ठोके येतात. तिहाई नव्हे, पण समेवर येऊन पाय आपटल्यासारखा परिणाम तोच. नर्तक टणक तळाचे बूट घालून नाचतो, तेव्हा हे तीन ठोके जमिनीवरही ऐकू येतात.

रचना अगदी ठरलेली. आठ मात्राखंडांचा पहिला भाग, तो दोनदा. मग आठ खंडांचा दुसरा भाग, तोही दोनदा. एकूण ३२ खंड. ‘बॉईज ऑफ ब्लूहिल’ही याच साच्यातली, डी मेजर या स्वरपट्टीतली. संपूर्ण धून एकदा वाजवायला मिनिटभरही लागत नाही.

मुळात ‘हॉर्नपाइप’ हे शिंगाच्या टोकाच्या एका जुन्या फुंकवाद्याचे नाव. त्यावर नाचण्याच्या प्रकारालाही तेच नाव पडले. हँडेलच्या १७१७ मधल्या ‘वॉटर म्युझिक’मध्ये हॉर्नपाइप आहे, पण तिचा ताल वेगळा, तीनच्या हिशेबातला. आठच्या हिशेबातली आजची हॉर्नपाइप अठराव्या शतकात रंगभूमीवरून लोकप्रिय झाली. तेव्हा नाटकाच्या दोन अंकांमध्ये नर्तक येऊन हॉर्नपाइप करून जायचा. ‘ड्युरांग्ज हॉर्नपाइप’ ही धून तर जॉन ड्युरांग या अमेरिकी नर्तकासाठी १७८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये रचली गेली. म्हणजे नाव नर्तकाचे आणि रचनाकार भलताच! पुढे जे होणार होते त्याची चुणूक इथेच दिसते.

‘ब्लूहिल’ची पोरे आली कुठून?

‘बॉईज ऑफ ब्लूहिल’ आयरिश म्हणून ओळखली जाते. पण तिचे छापील ठसे शोधायला गेले, की पहिला मुक्काम आयर्लंड नव्हे, अमेरिका ठरतो.

१८३९ मध्ये बाल्टिमोरहून ‘व्हर्जिनिया रील्स’ नावाच्या पुस्तिका निघाल्या. त्या तयार करणारा जॉर्ज नॉफ हा मूळचा जर्मन, व्हर्जिनियात संगीत शिकवणारा. परिसरातल्या फिडलवादकांच्या नाचाच्या धुना त्याने पियानोवर वाजवता येतील अशा लिहून काढल्या. सुखवस्तू घरांतल्या मुलींना पियानो शिकवताना उपयोगी पडाव्यात, हा व्यवहार. त्यात ‘टू सिस्टर्स’ म्हणजे ‘दोन बहिणी’ या नावाने जी धून आहे, ती वाजवून पाहिली तर ‘बॉईज ऑफ ब्लूहिल’ लगेच ओळखू येते.

इथे क्षणभर थांबायला हवे. १८३९ च्या व्हर्जिनियात नाचाच्या कार्यक्रमात फिडल कोण वाजवत असे? अनेकदा गुलाम म्हणून राबवले जाणारे कृष्णवर्णीय वादक. मळ्याच्या मालकाच्या घरी मेजवानी असली की फिडलवादक त्याच मळ्यातला असे. ब्रिटिश बेटांवरून आलेल्या कित्येक धुना अशा वादकांच्या हातून गेल्या, वळल्या, घडल्या. छापील पानावर मात्र नाव आले ते लिहून घेणाऱ्याचे. एखादी धून ‘आयरिश’ किंवा ‘इंग्लिश’ असे ठामपणे म्हणताना ही मधली माणसे गाळली जातात.

दुसरा मुक्काम बोस्टन, १८८३. विल्यम ब्रॅडबरी रायन याने संकलित केलेला ‘रायन्स मॅमथ कलेक्शन’ हा हजाराहून अधिक धुनांचा जाडजूड संग्रह एलियास हाऊ या प्रकाशकाने काढला. त्यात आयरिश, स्कॉटिश, इंग्लिश, अमेरिकी, सर्कस-तमाशांतल्या अशा सगळ्या धुना एकत्र. इथे आपली धून भेटते ती ‘बोज ऑफ ओक हिल’ म्हणून. ‘बो’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द, अर्थ छैलछबिला तरुण, त्याचे अनेकवचन ‘बोज’. म्हणजे ‘ओक टेकडीवरचे रंगेल तरुण’.

आता ही तीन नावे मोठ्याने म्हणून पाहा. ‘बोज ऑफ ओक हिल’, ‘बॉईज ऑफ ओक हिल’, ‘बॉईज ऑफ ब्लूहिल’. मधले नावही प्रत्यक्ष प्रचारात आहे. पबमधल्या गलक्यात, दोन धुनांच्या मधल्या दहा सेकंदांत कोणी तरी नाव विचारले आणि कोणी तरी तोंडातल्या तोंडात सांगितले, तर ‘बोज’चे ‘बॉईज’ व्हायला कितीसा वेळ लागणार? नावाचा हा प्रवास असाच कानोकानी झाला असावा असे मानायला भरपूर जागा आहे. इंग्लंडच्या उत्तरेला, नॉर्थम्बरलँडमध्ये, ‘द लॅड्स ऑफ नॉर्थ टाइन’ या धुनेशीही तिचे नाते जोडले जाते. टाइन ही तिकडची नदी. बॉईज, बोज, लॅड्स... गाव बदलते, पण पोरे तीच राहतात.

आणि तिसरा मुक्काम, जिथे आजचे नाव कायमचे चिकटले, तो म्हणजे शिकागो. वर्ष १९०३. नाव चिकटवणारा माणूस तिथला पोलीसप्रमुख होता.

पोलीसप्रमुखाचा या सगळ्याशी काय संबंध?

फ्रान्सिस ओ’नील हा माणूस एखाद्या वेबसीरिजच्या नायकासारखा जगला. जन्म १८४८, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात, बँट्रीजवळच्या ट्रॅलिबेन या खेड्यात. बटाट्यावरच्या रोगामुळे पडलेला महादुष्काळ तेव्हा चालू होता. किशोरवयातच तो घर सोडून जहाजावर गेला. प्रशांत महासागरात बेकर बेटावर त्याचे जहाज फुटले. सुटका करायला आलेल्या जहाजावर अन्न तुटपुंजे, सगळ्यांना मोजून मिळणारे. त्या जहाजावरच्या एका पॅसिफिक बेटवासी खलाशाकडे बासरी होती. ओ’नीलने ती मागून घेतली, आयरिश धून वाजवली आणि तो खलाशी खुश होऊन आपल्या वाट्यातले त्याला देऊ लागला. हा किस्सा त्याने स्वतःच नंतर लिहून ठेवला आहे.

पुढे कॅलिफोर्नियात मेंढपाळ, मिसुरीत शाळामास्तर असे करत तो शिकागोला पोहोचला आणि १८७३ मध्ये पोलिसात भरती झाला. नोकरीच्या सुरुवातीलाच एका घरफोड्याने झाडलेली गोळी पाठीत शिरली. ती काढता आली नाही, आयुष्यभर शरीरातच राहिली. १९०१ ते १९०५ या काळात तो शिकागो पोलिसांचा सर्वोच्च अधिकारी होता.

या काळात शिकागो आयरिश स्थलांतरितांनी भरलेले होते. आयर्लंडच्या एका परगण्यातल्या वादकाने दुसऱ्या परगण्यातल्या वादकाला गावी असताना कधी ऐकलेही नसते, पण शिकागोत ते एकाच गल्लीत राहत. ओ’नीलला धुना जमवायचे वेड होते. चांगला वादक शहरात आला आणि बेकार असला, की त्याला पोलीस खात्यात चिकटवून घेतल्याच्या गोष्टी प्रसिद्ध आहेत. आज अशा नेमणुकांवर चौकशी समिती बसली असती, हे वेगळे.

अडचण एकच होती. ओ’नील बासरी वाजवायचा, त्याच्या लक्षात शेकडो धुना होत्या, पण त्या स्वरलिपीत उतरवण्याचे काम त्याला जमत नसे. ते केले जेम्स ओ’नील याने. आडनाव एकच, पण नाते नाही. हा काउंटी डाउनचा आणि तोही शिकागो पोलिसातच. फ्रान्सिस गुणगुणायचा किंवा वाजवून दाखवायचा, जेम्स फिडलवर पडताळून कागदावर उतरवायचा.

यातून १९०३ मध्ये ‘म्युझिक ऑफ आयर्लंड’ हा ग्रंथ निघाला. एकूण १८५० धुना, त्यातल्या २२५ हॉर्नपाइप. प्रत्येक धुनेला इंग्रजीसोबत आयरिश भाषेतलेही नाव. १९०७ मध्ये १००१ धुनांचा ‘डान्स म्युझिक ऑफ आयर्लंड’ आला. आयरिश वादक त्याला सरळ ‘द बुक’ म्हणत. दुसरे पुस्तक कोणते, हा प्रश्नच नव्हता.

‘बॉईज ऑफ ब्लूहिल’ आपल्याला जॉर्ज वेस्ट नावाच्या तरुण फिडलवादकाकडून मिळाली आणि शिकागोतल्या आयरिश वादकांना ती पूर्णपणे नवीन होती, असे ओ’नीलने नोंदवले आहे. हे वाक्य छोटे आहे, पण त्यात बरेच काही आहे. आयर्लंडच्या कानाकोपऱ्यातून आलेले, एकमेकांच्या धुना पाठ असलेले हे वादक. त्यांना ही धून माहीत नव्हती. वीस वर्षांपूर्वी बोस्टनमध्ये ती दुसऱ्या नावाने छापून आली होती. तरीही ‘म्युझिक ऑफ आयर्लंड’मध्ये गेल्यावर ती आयरिश झाली आणि तिचे नाव ‘बॉईज ऑफ ब्लूहिल’ झाले. आज डब्लिनपासून टोकियोपर्यंत ती याच नावाने ओळखली जाते.

मग ती आयरिश नाहीच का? असे म्हणणेही घाईचे ठरेल. छापील कागद म्हणजे जन्माचा दाखला नव्हे. लिहिता न येणाऱ्यांच्या हातात धून पन्नास वर्षे फिरत असेल, त्याचा कागद होत नाही. शिवाय गेली सव्वाशे वर्षे ती आयरिश वादकांनीच सर्वाधिक वाजवली, त्यांच्या नर्तकांनी तिच्यावर पाय आपटले. दत्तक गेलेल्या मुलाला घरातलेच मानतात, तसे काहीसे.

ओ’नीलच्या कामावर आक्षेपही आहेत. एकच धून थोड्या फरकाने दोन नावांनी त्याच ग्रंथात आल्याची उदाहरणे आहेत. बिननावाची धून मिळाली तर ती ज्याच्याकडून आली त्या वादकाचे किंवा एखाद्या गावाचे नाव तो देत असे. ‘चीफ ओ’नील्स फेव्हरिट’ नावाची एक देखणी हॉर्नपाइप त्याच्याच ग्रंथात आहे. ती ‘द फ्लॉवर्स ऑफ अॅड्रिगोल’ या नावानेही वाजते. पण साहेबांच्या आवडीचे नाव पुस्तकात आल्यावर दुसरे मागे पडणारच.

पण इतकी नावे होतातच कशी?

गाण्याचे नाव ठरवणे सोपे असते. पहिल्या ओळीतले शब्द उचलायचे. आपल्या बंदिशींचेही तसेच, मुखड्यावरून ओळख. नाचाच्या धुनेला शब्दच नसतात. त्यामुळे नाव हे धुनेचा भाग नसते, ते नंतर बाहेरून लावलेले लेबल असते. ‘ही कुठली?’ असे विचारल्यावर वादकाला जे सुचेल ते. ज्याच्याकडून शिकली त्याचे नाव, ज्या गावच्या जत्रेत ऐकली त्या गावाचे, घोड्याचे, जहाजाचे, नुकत्याच बांधलेल्या पुलाचे. पुलाची गोष्ट खरी आहे. न्यूकॅसलचा ‘हाय लेव्हल ब्रिज’ १८४९ मध्ये खुला झाला आणि तिथला फिडलवादक जेम्स हिल याची त्याच नावाची हॉर्नपाइप आजही वाजवली जाते. त्याची ‘बीजविंग’ ही हॉर्नपाइप एका शर्यतीच्या घोडीच्या नावावरची.

मराठी वाचकाला हे फार परके वाटू नये. जुन्या संगीत नाटकांची पुस्तके उघडली तर पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून दुसऱ्याच कुठल्या तरी गाण्याचे शब्द दिलेले असतात. म्हणजे त्या चालीला स्वतःचे नाव नाही, ती उसन्या नावाने ओळखली जाते. नवे पद गाजले की पुढच्या नाटकात तीच चाल या नव्या पदाच्या नावाने सांगितली जाते. दोन पिढ्यांत मूळ गाणे कोणते हेच विसरले जाते. फिडलच्या धुनांचे तंतोतंत असेच झाले, फक्त शब्दांशिवाय.

उलटाही गोंधळ आहे. एका नावाच्या अनेक धुना असतात. त्यामुळे एखाद्या आयरिश ‘सेशन’मध्ये, म्हणजे पबमध्ये टेबलाभोवती बसून चालणाऱ्या अनौपचारिक मैफलीत, नाव सांगून फारसा उपयोग होत नाही. वादक पहिले दोन-तीन स्वर वाजवून दाखवतो आणि बाकीचे सामील होतात. नाव माहीतच नसेल तर आयरिश भाषेत त्यालाही एक उत्तर आहे. ‘गान अॅनम’, म्हणजे ‘बिननावाची’. अल्बमच्या वेष्टनावर हे शब्द इतक्या वेळा छापलेले दिसतात की नवख्याला तेच धुनेचे नाव वाटते.

नाव अर्थाचीही दिशाभूल करते का?

हो, आणि त्याचे सर्वात मजेदार उदाहरणही हॉर्नपाइपच आहे. ‘द होम रूलर’. होमरूल म्हटले की आपल्याला टिळक आठवतात. १९१६ मध्ये त्यांनी ज्या संज्ञेवरून होमरूल लीग काढली, ती आयर्लंडमधल्या स्वराज्याच्या चळवळीतूनच आली होती. त्यामुळे ही धून स्वराज्यवादी आयरिश नेत्याच्या सन्मानार्थ असावी, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात ती अँट्रिम परगण्यातल्या फ्रँक मॅककोलम या फिडलवादकाने रचली आणि ‘होम रूलर’ म्हणजे त्याची बायको, घरावर राज्य करणारी, असे सांगितले जाते.

दुसरीकडे ‘द राइट्स ऑफ मॅन’ या हॉर्नपाइपचे नाव थेट थॉमस पेनच्या १७९१ मधल्या पुस्तकाची आठवण करून देते. ब्रिटिश सरकारने ज्या लेखकावर खटला भरला त्याच्या पुस्तकाचे नाव नाचाच्या धुनेला! शब्द नसलेल्या धुनेवर बंदी कशी घालणार, हा प्रश्न तेव्हाही अवघड असणार.

ग्रामोफोनने ही मोकळीक बरीच कमी केली. स्लिगो परगण्यातला मायकल कोलमन याने १९२० आणि ३० च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रणे केली. तबकडीच्या लेबलवर काही तरी छापणे भागच होते. जे छापले ते पक्के झाले. त्याने १९३४ मध्ये सलग वाजवलेल्या तीन रील आजही जगभर त्याच क्रमाने आणि त्याच नावांनी वाजवल्या जातात.

नावाशिवाय धून शोधायची कशी?

इथे विषय थेट आपल्या फोनमध्ये येतो. कुठे तरी फिडल वाजताना ऐकले, शाझाम उघडले आणि उत्तर आले नाही, असा अनुभव अनेकांना आला असेल. त्यात अॅपचा दोष नाही. शाझाम धून ओळखत नाही, ध्वनिमुद्रण ओळखते. आवाजातल्या सर्वात ठळक बिंदूंचा नकाशा काढायचा, आकाशातल्या नक्षत्रासारखा, आणि साठवलेल्या लाखो नकाशांशी ताडायचा, अशी ती पद्धत. तीच तबकडी वाजत असेल तर गोंगाटातही उत्तर सापडते. पण समोर बसलेला माणूस तीच धून आपल्या पद्धतीने वाजवत असेल, तर नक्षत्र पार बदलते.

हा प्रश्न संगणकाच्या आधी एका सरकारी नोकराने सोडवायला घेतला होता. डब्लिनचा ब्रेंडन ब्राहनॅक. नोकरी सरकारी खात्यातली, आवड पाइप्स वाजवण्याची. १९६३ मध्ये त्याने आपल्या धुनासंग्रहाचा पहिला खंड काढला आणि प्रत्येक धुनेखाली तिच्या पर्यायी नावांची नोंद दिली. पण त्याची खरी कल्पना वेगळी होती. नावावरून अनुक्रमणिका न करता धुनेच्या सुरुवातीच्या ठळक स्वरांना आकडे द्यायचे आणि त्या आकड्यांच्या क्रमाने कार्डे लावायची. दोन कार्डांवरचे आकडे जुळले, की नावे कितीही वेगळी असोत, धून एकच. अभियांत्रिकीच्या भाषेत सांगायचे तर त्याने हाताने हॅशिंग केले होते, कार्ड आणि पेन्सिल वापरून. १९८५ मध्ये त्याचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी डब्लिनमध्ये आयरिश पारंपरिक संगीताचे संग्रहालय, ‘आयटीएमए’, सुरू झाले.

नव्वदच्या दशकात ख्रिस वॉलशॉ या गणितज्ञाने ‘एबीसी’ ही लिपी लोकप्रिय केली. स्वरलिपीच्या पाच रेषांऐवजी साधी रोमन अक्षरे, म्हणजे धून ईमेलमधूनही पाठवता येते. आकार इतका छोटा की आख्खी हॉर्नपाइप एका एसएमएसच्या दोन-तीन पट जागेत मावते. या लिपीत शीर्षकासाठी ‘टी’ अक्षराने सुरू होणारी ओळ असते. आणि मौज म्हणजे एका धुनेला अशा कितीही ओळी देण्याची सोय आहे. पर्यायी नावांची अडचण लिपीनेच मान्य केली.

अशी हजारो धुनांची अक्षरे जमल्यावर डब्लिनमधल्या ब्रायन डुगन या संगणकशास्त्राच्या प्राध्यापकाने ‘ट्यूनपाल’ हे अॅप बनवले. फोनसमोर काही सेकंद वाजवायचे. अॅप स्वर ओळखून त्यांची अक्षरमाला बनवते आणि साठ्यातल्या प्रत्येक धुनेशी तुलना करते. नेमके जुळावे असा आग्रह नाही. एका अक्षरमालेतून दुसरी मिळवायला किती अक्षरे बदलावी, गाळावी, घालावी लागतील याची मोजणी होते. ज्या धुनेसाठी सर्वात कमी बदल लागतात, ती बहुधा आपली. फोनचा कीबोर्ड ‘कोल्हपूर’ टाइप केल्यावर ‘कोल्हापूर’ सुचवतो, त्यामागे याच जातीचा हिशेब असतो. वादकाने आपल्या मनाचे दोन दागिने घातले, एखादा स्वर बदलला, तरी त्यामुळे अॅप फसत नाही.

पैशाचा प्रश्न कुठे येतो?

पारंपरिक धुनेवर कोणाचाही स्वामित्व हक्क नसतो. युरोपीय संघात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षे आणि भारतात ६० वर्षे हक्क राहतो, मग रचना सर्वांची. ‘बॉईज ऑफ ब्लूहिल’ कोणीही वाजवावी, रीलमध्ये टाकावी. मात्र दुसऱ्याने केलेल्या तिच्या ध्वनिमुद्रणावर आणि नव्या संयोजनावर त्याचा हक्क असतो. गल्लत इथे होते. एखाद्याने अनोळखी पर्यायी नावाखाली जुनी धून स्वतःची रचना म्हणून नोंदवली, तर नोंद तपासणाऱ्या कारकुनाला किंवा सॉफ्टवेअरला ती ओळखणे कठीण, कारण शोध नावाने घेतला जातो.

आयर्लंडमध्ये नव्वदच्या दशकात यावरून मोठा वाद झाला. स्वामित्व शुल्क गोळा करणारी ‘इम्रो’ ही संस्था पबमालकांकडून परवान्याचे पैसे मागू लागली. वादकांचे म्हणणे, आम्ही वाजवतो ते कोणाच्याच मालकीचे नाही, मग शुल्क कशाचे? १९९८ मध्ये ‘कोल्टस’ या पारंपरिक संगीताच्या मोठ्या संघटनेने इम्रोशी करार केला, पण त्यावरही बरीच टीका झाली.

दुसरी बाजूही तितकीच खरी. जी धून ‘पारंपरिक’ म्हणून वाजते, तिचा रचनाकार हयात असू शकतो. गॅलवे परगण्यातल्या पॅडी फेही याने अनेक अप्रतिम धुना रचल्या आणि एकालाही नाव दिले नाही. परिणामी त्या सगळ्यांचे नाव एकच, ‘पॅडी फेहीज’. ओळखण्यासाठी लोकांनी क्रमांक दिले, तेही प्रत्येकाने आपापले. पण निदान त्याचे नाव तरी टिकले. २०१९ मध्ये तो वारला. फिलाडेल्फियात प्लंबरचे काम करणाऱ्या एड रीव्ही या कॅव्हन परगण्यातल्या स्थलांतरिताने शंभरहून अधिक धुना रचल्या. त्या इतक्या अस्सल वाटत की तो जिवंत असतानाच कित्येक वादक त्या शेकडो वर्षे जुन्या समजून वाजवत असत. रचनाकारासाठी हा सर्वात मोठा गौरव असेलही. पण ‘पारंपरिक’ असे छापलेल्या अल्बमची रॉयल्टी त्याच्या घरी येत नाही.

आता यात यंत्रही उतरले आहे. बॉब स्टर्म या संशोधकाच्या गटाने एबीसी लिपीतल्या हजारो धुनांवर एक न्यूरल नेटवर्क प्रशिक्षित केले. ते नव्या आयरिश वळणाच्या धुना अक्षरशः पोत्याने बनवू लागले. त्यातल्या निवडक धुना माणसांनी वाजवून २०१८ मध्ये एक अल्बम निघाला. त्याचे नाव, ‘लेट्स हॅव अनदर गान अॅनम’.

ऐकायची असेल तर काय शोधावे?

‘बॉईज ऑफ ब्लूहिल’ हे शब्द एकदा जोडून आणि एकदा ‘ब्लू हिल’ असे तोडून शोधा, निकाल वेगवेगळे येतील. मग ‘बोज ऑफ ओक हिल’ शोधा; इथे अमेरिकी फिडलवादक अधिक भेटतील आणि चालीतला झोका थोडा कमी, धाव अधिक जाणवेल. ‘टू सिस्टर्स’ मात्र जपून शोधा. त्याच नावाचे एक जुने खुनाचे लोकगीत आहे, आणि पहिल्या पानावर बहुधा तेच येते.

सुरुवात करायला संथ वादन निवडा. प्रत्येक भागाच्या शेवटी ते तीन ठोके येतात का पाहा. दुसऱ्यांदा ऐकताना पाय आपोआप त्यांची वाट पाहू लागतो.